‘थँक्यू’ला उत्तर काय द्यायचं?

कुणी आभार मानले की पटकन शब्द सुचत नाही, नुसती मान हलते. लोकलमध्ये सरकून चौथी सीट दिलीत आणि समोरचा ‘थँक्यू’ म्हणाला, तर ‘असू दे हो’ किंवा ‘त्यात काय एवढं!’ पुरे. ‘तुमचं स्वागत आहे’ नको. ते दारात पाहुणा आल्यावर.

अभिवादन आलं तसंच परत करा: ‘राम राम’ला ‘राम राम’, ‘जय भीम’ला ‘जय भीम’.

दिवाळीच्या शुभेच्छांना ‘तुम्हालाही, घरच्या सगळ्यांनाही’. वाढदिवसाला मात्र हेच ‘तुम्हालाही’ सवयीने तोंडातून निसटतं! तिथे ‘आभारी आहे, काका’ म्हणा. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रत्येकाला वेगळं उत्तर नको, रात्री एकच मेसेज टाका. ज्यांनी आठवणीने फोन केला, त्यांची बोळवण त्या मेसेजवर करू नका.