मुंबईत मजेची गाडी घ्यायचीय, पण पैसे फार न बुडवता? मग असं करा

आधी ठरवा गाडी चालवणार कुठे. कोस्टल रोडला सरळ पट्ट्यात ८० ची लिमिट, बोगद्यात ६०, अटल सेतूवर १००, आणि उरलेला सगळा वेळ सायन सर्कलला फर्स्ट-सेकंड फर्स्ट-सेकंड. मग ३०० बीएचपी (इंजिनाची ताकद) घेऊन करायचं काय, नुसता आवाज ऐकायचा? ८० च्या आत मजा देणारी गाडी शोधा. हलकी, मॅन्युअल, वळणावर घट्ट बसणारी. मालशेजला रविवारी पहाटे अशी गाडी घेऊन गेलात की कळेल मी काय म्हणतोय.

दुसरं, नवीन घेऊ नका. इन्शुरन्सवाल्यांचा स्वतःचाच तक्ता बघा, पहिल्या वर्षातच आयडीव्ही (इन्शुरन्सने धरलेली गाडीची किंमत) १५ टक्के खाली, तिसरं वर्ष संपेपर्यंत ३०, पाचवं संपेपर्यंत ५०. त्यात महाराष्ट्रात २० लाखांच्या वरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के रोड टॅक्स, तोही पहिल्या मालकानेच भरून टाकलेला असतो. म्हणजे मोठा खड्डा त्याने भरला, तुम्ही पाच-सात वर्षांची गाडी घ्या आणि मजा मारा.

कोणती घ्यायची? माझं मत विचाराल तर फियाटची पुंटो अबार्थ, १४५ बीएचपी, २०१५ ला आली, कमी विकली गेली म्हणून शौकीन लोक अजून शोधतात. फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय पण भारी, फक्त तिच्या १.२ मधला सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आपल्या ट्रॅफिकमध्ये तापतो, त्यामुळे क्लच आणि मेकॅट्रॉनिकचं (गिअरबॉक्सचा कंट्रोल युनिट) काम झालंय का ते बिलासकट बघा, तोंडी नको. स्वस्तात हवं असेल तर फियाटचीच जुनी पॅलिओ १.६, आपल्या कुर्ल्यातच बनायची, तिची सचिनच्या सहीची एस१० ही खास आवृत्ती मिळाली तर नशीबच. पण पार्ट शोधायला कुर्ल्याच्या सीएसटी रोडला चकरा मारायची तयारी हवी आणि १५ वर्षं उलटलेली असल्याने आरसी रिन्यू आहे का तेही बघा.

दहा लाख असतील तर गाडी आठचीच बघा. उरलेले दोन लाख टायर, सस्पेन्शन, टायमिंग बेल्ट, क्लच यात कधी गेले कळतही नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पाण्यात गेलेली गाडी. मुंबईत दर पावसाळ्यात गाड्या बुडतात आणि दिवाळीपर्यंत पॉलिश होऊन विकायला येतात. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या वीतभर पट्ट्यावर चिखलाची रेघ असेल तर नमस्कार करून निघा. स्टेपनीखालचा खड्डा, सीटच्या रुळांचा गंज, कार्पेटखालचा वास, सगळं बघा. गाडी थंड असतानाच स्टार्ट करा, विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. टायरवरचे चार आकडे वाचा, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. आणि तुमच्या सोसायटीच्या पार्किंगच्या रॅम्पवर एकदा उतरवून चढवून बघा, खालून घासली तर रोज घासणार.

कागद. वाहन पोर्टलवर लोन चढलेलं दिसतंय का बघा, असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ (आरसीवरून लोन उतरवायचा) हातात आल्याशिवाय टोकन देऊ नका, मग गाडी नावावर करायचे फॉर्म २९, ३०. दिल्लीच्या गाड्या स्वस्त दिसतात, तिथे जुन्या गाड्यांवर वयाची बंधनं म्हणून. माझ्या मामेभावाने अशीच एक कूपे उचलली, फोटोत एकदम टकाटक, मग दिल्लीची एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स, एजंट असं करत करत स्वस्तपणा सगळा आरटीओतच संपला. आणि एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल इन्शुरन्सवर मिळणारी सूट) मालकाचा असतो, गाडीचा नाही, तेव्हा ‘इन्शुरन्स स्वस्त पडतो’ या बोलण्यावर जाऊ नका.

घेतल्यावर मॉडिफाय करायची खाज सुटणारच, करा, पण काढलेला प्रत्येक ओरिजिनल पार्ट जपा. माझा मूळ सायलेन्सर माळ्यावर होता, आईने भंगारवाल्याला दिला, आणि पुढे गाडी विकताना घेणाऱ्याने त्याचेच पंधरा हजार कापले.