ज्येष्ठांच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या : या चुका टाळा

वय वाढलं की प्रतिकारशक्ती मंदावते, हे खरं. पण व्हिटॅमिनची गोळी शरीरातली उणीव भरून काढते, एवढंच तिचं काम. उणीवच नसेल तर डोस वाढवून ताकद वाढत नाही. बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

एकच घटक दोन-तीन गोळ्यांतून पोटात जाणं, ही त्यातली मोठी चूक. घरातल्या सगळ्या बाटल्या टेबलावर मांडा आणि लेबलं वाचा. समजा, मल्टिव्हिटॅमिनमध्ये १५ मिलिग्रॅम झिंक आहे, ‘इम्युनिटी’च्या गोळीत २५, शिवाय सर्दीसाठी चघळायच्या गोळ्यांत आणखी थोडं. प्रौढांसाठी रोजची कमाल मर्यादा ४० मिलिग्रॅम धरली जाते. ती बरेच महिने ओलांडली, तर शरीरातलं तांबं कमी होतं, ॲनिमिया होऊ शकतो आणि पांढऱ्या पेशीही घटतात. म्हणजे ज्या प्रतिकारशक्तीसाठी गोळी सुरू केली, तीच खालावते.

डी व्हिटॅमिनची ६०,००० युनिटची गोळी आठवड्यातून एकदा लिहून दिलेली असते आणि गैरसमजातून ती रोज घेतली जाते. सतत तहान, बद्धकोष्ठता, वारंवार लघवी, बोलण्यात गोंधळ असं दिसलं, तर ‘वयच झालं आता’ म्हणून सोडून देऊ नका. रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं असू शकतं. गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना गाठा.

थकवा आणि पायांना मुंग्या येत असतील, तर बी १२ तपासून घ्या. मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तर नक्कीच. बी १२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड घेतल्यास ॲनिमिया सुधारलेला दिसतो, पण आत मज्जातंतूंचं नुकसान चालूच राहतं.

थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम किंवा लोह यांत चार तासांचं अंतर ठेवा. रक्त पातळ ठेवणारं वॉरफेरिन चालू असेल, तर के किंवा ई व्हिटॅमिन परस्पर सुरू करू नका. केसांसाठी बायोटिन घेत असाल, तर रक्ततपासणीआधी सांगा. थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो.

आणि गोळ्या चालू आहेत म्हणून लस टाळणं, ही चूक मला सर्वांत जास्त खटकते. फ्लू, न्यूमोनिया, नागीण यांच्या लसी तुमच्या वयात कधी घ्यायच्या, हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा. जाताना सगळ्या बाटल्याही पिशवीत घालून न्या.