क्रिप्टची पानं विरघळली तेव्हा

माशांच्या टाकीत लावलेल्या क्रिप्टोकोरिन वेंडटी (थोडक्यात क्रिप्ट) या पाणवनस्पतीची पानं काही दिवसांतच काचेसारखी पारदर्शक होऊन गळू लागली. मासे मात्र ठणठणीत! हे झाड नर्सरीत बहुधा पाण्याबाहेर वाढवतात, त्यामुळे बुडाल्यावर ते जुनी पानं टाकून देतं. बुडाशी बोटांनी दाबून पाहिलं, गड्डा टणक होता. म्हणजे जीव आहे. कुजकी पानं कापून लगेच बाहेर काढली, नाहीतर अमोनिया वाढतो. झाड मुळीच उपटलं नाही. जागा बदलली की ते पुन्हा रुसतं. दिवा रोज 7 तास, मुळाशी खताची एक गोळी, बस्स. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर दुकानदार गळ्यात मारतील, घेऊ नका. (याचं भावंड, क्रिप्टोकोरिन रेट्रोस्पायरॅलिस, सह्याद्रीतल्या ओढ्यांत आपसूक उगवतं.) महिन्याभरात तपकिरी कोंब वर आले.