मोठी ऑर्डर आली की चहा संपायच्या आत हो म्हणू नका

भोसरीत आमचं छोटं वर्कशॉप आहे, दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशीनं) आणि एक जुना लेथ. मागे एका पार्टीने नेहमीच्या तिप्पट काम देतो म्हटलं आणि मी तिथल्या तिथे हो म्हणून बसलो. पेमेंट चार महिने लटकलं, पण बिल फाडलेलं त्यामुळे जीएसटी पुढच्या 20 तारखेला खिशातून भरला. तेव्हापासून जे करतो ते सांगतो.

आधी बघा, निर्णय मागे घेता येतो का. रेट थोडा कमी करून बघणं, नवीन पोरगा ट्रायलवर घेणं, यावर मीटिंगा नकोत, करून टाका. पण मशीनचं लोन, घर तारण, पार्टनर घेणं असलं काही असेल तर एक रात्र जाऊ द्याच. "उद्या अकराला सांगतो" म्हणायचं, आणि समोरचा आत्ताच सांगा म्हणून मागे लागला तर नाही म्हणून मोकळं व्हायचं.

मग मशीनवरच्या माणसाला विचारा. आमच्या मशीनवरचे काका तेव्हा ड्रॉइंग बघून म्हणालेले, "शेठ, बोअरला, म्हणजे आतल्या भोकाला, दहाच मायक्रॉनची सूट देतायत, रात्रपाळीच्या पोरांकडून निघायचं नाही हे." पण मी आधीच "घेऊया ना काका" बोलून बसलेलो, मग ते कशाला वाद घालतील, गप्प बसले. म्हणून आपलं मत शेवटी सांगायचं, मालकाने तोंड उघडलं की शॉपवर सगळे त्याच्याच बाजूचे होतात (घरी बायकोसमोर मात्र उलटं).

नंतर कागदावर तारखा मांडा, मटेरियल, पगार, हप्ता, जीएसटी, आणि पैसे खरंच कधी येतात ते. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर लेखी करार असला तरी 45 दिवसांत पैसे द्यायचे असा कायदा आहे, करार नसेल तर 15, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज. पण अर्धा धंदा ज्याच्यावर चालतो त्याला नोटीस पाठवणार का, हे आधीच स्वतःला विचारा.

आणि थांबायचं कुठे तेही आधीच लिहा. मी डायरीत लिहितो, "दुसरं बिल थकलं की डिस्पॅच बंद."

गेल्या महिन्यात पुन्हा तशीच ऑर्डर आली. काकांच्या हातात ड्रॉइंग दिलं आणि तोंड बंद ठेवलं. त्यांनी चष्मा पुसला, दोनदा बघितलं, म्हणाले, "अर्धी घ्या, दिवसपाळीत बसेल." अर्धीच घेतली.