तुटलेले नख जोडताना या चुका टाळा

द्राक्षकाढणीच्या दिवसांत निफाड-दिंडोरीच्या बागांमध्ये क्रेट उचलताना किंवा लासलगावच्या खळ्यावर कांदा निवडताना नख अडकून चिरणे ही नेहमीची गोष्ट आहे. नाशिक शहरातही दाराच्या कडीत किंवा स्कूटरच्या डिकीत सापडून तेच घडते. त्यानंतर हाताशी असेल ते चिकटद्रव्य लावून मोकळे होण्याची घाई केली जाते आणि साध्या तुटीचे दुखणे होऊन बसते.

सर्वांत मोठी चूक चिकटवण्याच्या आधीच होते, ती म्हणजे चीर कुठवर गेली आहे हे न पाहणे. बोटाच्या पुढे आलेला पांढरा भाग केराटिन या कठीण, निर्जीव प्रथिनाचा असतो आणि तेथील चीर घरी जोडता येते. मात्र चीर गुलाबी भागात शिरून जिव्हाळीला लागली असेल, रक्त किंवा लस दिसत असेल किंवा बोट ठणकत असेल, तर ती जखम आहे आणि तिच्यावर कोणतेही चिकटद्रव्य घालू नये. त्याने मळ आणि ओलावा आत कोंडला जातो, मग नखुर्डे होऊन पू धरतो किंवा जंतूंमुळे नख हिरवट पडते.

दुसरी चूक फेविक्विकची. त्यात आणि दुकानात मिळणाऱ्या नेल ग्लूमध्ये सायनोअॅक्रिलेट याच जातीचे रसायन असते, म्हणून ‘तेच तर आहे’ असे समजले जाते. पण घरगुती चिकटद्रव्य अंगावर वापरण्यासाठी बनवलेले नसते, ते पटकन पसरते आणि कडेची कातडी चिकटवून टाकते. नेल ग्लूसुद्धा कापसाच्या बोळ्याने कधीही लावू नये किंवा पुसू नये, कारण हे रसायन सुती धाग्यांना लागताच तीव्र उष्णता निर्माण होऊन बोट भाजू शकते. ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. बोटे चिकटलीच तर ओढाताण न करता कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून हळूहळू सोडवावीत.

पांढऱ्या भागातील चीर जोडायची असेल, तर हात धुऊन पूर्ण कोरडे करावेत. रिकाम्या टी-बॅगच्या कागदाचा चिरेपेक्षा किंचित मोठा तुकडा कापून, नखावर नेल ग्लूचा एकच थेंब पातळ पसरून, तो तुकडा चिमट्याने बसवावा. वाळल्यावर आणखी एक पातळ थर द्यावा आणि बारीक फाइल एकाच दिशेने फिरवून कड गुळगुळीत करावी. मागे-पुढे घासल्यास नखाचे पापुद्रे सुटतात. ही सोय काही दिवसांचीच आहे. भांडी घासताना रबरी हातमोजे घालावेत, आणि तुकडा सुटू लागला तर तो सोलून न काढता अॅसिटोनच्या रिमूव्हरने मऊ करून काढावा, नाहीतर त्याच्याबरोबर नखाचाही वरचा थर निघून येतो. चीर लहान असेल, तर नख आखूड कापणे हाच उत्तम उपाय, असे माझे स्पष्ट मत आहे.

जिव्हाळीला लागलेले बोट वाहत्या पाण्याखाली धुऊन स्वच्छ कापडाने दाबून धरावे, रक्त थांबल्यावर व्हॅसलीन लावून न चिकटणारी पट्टी बांधावी. उरलेले नख ओढून काढू नये. ते खालच्या नाजूक जागेचे रक्षण करते. हळद किंवा चुना भरण्याची आपल्याकडची सवय येथे सोडायला हवी, कारण त्याने घाण आत राहते आणि डॉक्टरांना जखमही नीट दिसत नाही. जखमेला माती लागली असेल आणि धनुर्वाताचे शेवटचे इंजेक्शन घेऊन 5 वर्षे उलटली असतील, तर जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन ते विचारून घ्यावे.

हाताचे नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढते, त्यामुळे पूर्ण नख येण्यास 4 ते 6 महिने लागतात आणि तेवढा धीर धरावाच लागतो. मात्र नख मुळापासून उचकटले असेल, नखाखाली रक्त साकळून असह्य ठणका लागला असेल, बोट वाकत नसेल किंवा रुग्णाला मधुमेह असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. मुळाची इजा वेळेवर सांधली नाही, तर नवे नख कायमचे दुभंगलेलेच उगवू शकते.