नवी मुंबईत परवडणारं टू बीएचके भाड्याने कसं शोधावं

पाम बीच रोडलगतचे टॉवर आधी यादीतून काढा. क्लब हाउस आणि स्विमिंग पूलचा खर्च शेवटी भाडेकरूच्याच खिशातून जातो. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, कामोठे इथल्या तीन-चार मजली, दहा-पंधरा बिऱ्हाडांच्या सोसायट्या बघा. शेजार असतो, मुलं खाली खेळतात आणि भाडंही आवाक्यात राहतं. अशी घरं बऱ्याचदा तोंडी चौकशीतूनच मिळतात. आवडलेल्या सेक्टरमध्ये पायी फिरा, वॉचमन, किराणावाला, इस्त्रीवाला यांना "कुणाचं घर रिकामं होतंय का?" असं सरळ विचारा.

बजेट ठरवताना नुसतं भाडं धरू नका. भाडं २२ हजार आणि दलाली एक महिन्याची असेल, तर ११ महिन्यांच्या करारात महिना २ हजार वाढलेच. मेंटेनन्स भाड्यात धरलाय की वेगळा, हेही आधीच विचारा.

घर बघायला सकाळी जा. पाणी किती वाजता आणि किती वेळ येतं, हे मालकाला नव्हे, समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंना विचारा. मे महिन्यात टँकर मागवावा लागतो का आणि त्याचे पैसे कोण भरतं, तेही त्याच सांगतील. नळ सोडून धार बघा. बाथरूमचं छत आणि पलंगामागची भिंत हाताने चाचपा. नव्या रंगाखाली ओल लपते. घर वरच्या मजल्यावर असेल तर गच्चीचं वॉटरप्रूफिंग कधी झालं, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय टोकन देऊ नका, समोरचा कितीही घाई करो. इंडेक्स टू (घराच्या खरेदीच्या नोंदणीचा उतारा) आणि सोसायटीची मेंटेनन्स पावती मागा. दोन्हींवर मालकाचं तेच नाव हवं.

लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे आपला भाडेकरार, नोंदवूनच घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी ऑनलाइन होते. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून तेही त्यात मिळवतात. म्हणजे वरच्या उदाहरणात भाड्यापुरते ६०५ रुपये. एवढ्यासाठी नोटरीच्या कागदावर भागवू नका.

किल्ली मिळाली की सामान आत नेण्याआधी भिंती, नळ, पंखे यांचा व्हिडिओ आणि वीजमीटरच्या आकड्याचा फोटो काढून मालकाला व्हॉट्सअॅपवर पाठवा. घर सोडताना डिपॉझिटमधून काय कापायचं, याचा वाद त्यावरच मिटतो.