वृद्धाश्रमातली कॉल बेल: या कामात नव्यानं येणाऱ्यांसाठी

आयटीआयचा इलेक्ट्रिशियन किंवा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड झाला की आमच्या सांगली-मिरजेकडची बरीच मुलं एमआयडीसीची वाट धरतात. मी वृद्धाश्रमांतल्या कॉल बेलची, म्हणजे आजी-आजोबांनी मदतीला बोलावण्यासाठी दाबायच्या बेलची, देखभाल करतो. हे काम नव्या पोरांनी शिकून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

कुठल्या खोलीतून बेल आली ते दाखवणारं पॅनेल शांत आहे म्हणून सगळं ठीक आहे असं धरून चालू नका. स्वस्तातल्या वायरलेस बेलचं बटण सेल संपला तरी पॅनेलला काहीच कळवत नाही. म्हणून खोलीखोलीत जाऊन प्रत्येक बटण दाबून बघायचं, तेही शक्यतो आजी-आजोबांच्याच हातानं. आपल्याला हलकं वाटणारं बटण संधिवाताच्या बोटांना दबत नाही. लकवा झालेल्या एका आजोबांचं बटण त्यांच्या लुळ्या हाताकडे लटकत होतं. सफाईसाठी कॉट फिरवली होती, एवढंच कारण. बेलमध्ये काहीच दोष नव्हता, पण ती त्यांच्या उपयोगाची राहिली नव्हती.

वायरलेस बटणातला १२ व्होल्टचा बारका सेल नुसता मल्टिमीटरला लावला तर दमलेला असूनही चांगला आकडा दाखवतो. बटण दाबून धरून मोजा. आकडा झपकन खाली आला तर सेल बदला. पावसाळ्यात सेलला टेकणाऱ्या पत्तीवर हिरवट थर चढतो, तोही पुसून घ्या.

बाथरूममध्ये सगळ्यात जास्त वेळ द्या. तिथली ओढायची दोरी जमिनीपासून चार इंचांपर्यंत खाली हवी, कारण पडलेल्या माणसाचा हात तेवढाच पोचतो. फरशी पुसताना ती नळाला गुंडाळली जाते. सोडवून या आणि का सोडवली ते मावशींना समजावून सांगा.

बझरवर चिकटपट्टी दिसली तर मावशींवर चिडू नका. चहा सांडून अडकलेलं एखादं बटण रात्रभर वाजत असतं, ते आधी शोधा.

मेन स्विच पाडून इन्व्हर्टरवर बेल चालते का बघा. २०१९ आणि २०२१ चा कृष्णेचा पूर पाहिलेल्या सांगलीत इन्व्हर्टर तळमजल्यावर ठेवू देऊ नका.

एएमसीत, म्हणजे वार्षिक देखभालीच्या करारात, ‘बिघाड झाल्यास भेट’ एवढंच लिहू नका, दर महिन्याची चाचणी घाला. रजिस्टरवर सही रात्रपाळीच्या मावशींची घ्या. कुठल्या खोलीची बेल वाजत नाही हे ऑफिसच्या आधी त्यांना ठाऊक असतं.